ऐसपैस अक्षर

भविष्यकाळात माणूस काय खाईल, कुठे राहील, लग्न करील की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. भविष्यकाळातल्या पाट्या कोणत्या अक्षरात असतील, हा प्रश्न मात्र केव्हाच निकालात निघालेला आहे. कुठलाही अंतराळपट लावा. अंधारातून यान सरकत येतं, दार फुस्स करून बाजूला होतं आणि त्या दारावर रोमन लिपीतली अक्षरं दिसतात. सगळी कॅपिटल, जाडजूड, डावीउजवीकडे पसरलेली आणि कोपरे तेवढे गोल केलेली. ती दिसली की समजायचं, आपण भविष्यात पोहोचलो. वेगळी सनतारीख दाखवायची गरज उरत नाही.

या वळणाचं नाव युरोस्टाइल. घराणं मोठं आहे, पण पडद्यावर मान आहे तो 'युरोस्टाइल बोल्ड एक्स्टेंडेड' या थोरल्या पातीला. जन्म इटलीतल्या तुरीन शहरातला, नेबिओलो नावाच्या टाइप फाउंड्रीतला. 1952 साली अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोवारेझे या दोघांनी तिथे 'मायक्रोग्रामा' नावाचा टाइप काढला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती, स्मॉल नव्हतीच. म्हणजे पहिली दहा वर्षं हे अक्षर नुसतं ओरडत होतं. 1962 साली नोवारेझेने त्याला स्मॉल अक्षरं जोडून दिली, साध्या आवाजात बोलायची सोय केली आणि नाव युरोस्टाइल ठेवलं. सोय झाली खरी, पण त्याला साध्या आवाजात बोलताना फारसं कुणी ऐकलेलं नाही.

तुरीन म्हणजे फियाटचं गाव. त्याच 1962 साली फियाटने '1100 डी' ही गाडी काढली. तीच पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी झाली. एका गावाने एकाच वर्षी जगाला दोन गोष्टी दिल्या. एकीत सामानासकट अख्खं कुटुंब मावायचं, दुसरीत चार अक्षरं मांडली की ओळ भरायची. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अक्षर अजून धावतंय, आणि त्याला मीटरही नाही.

या अक्षरांची सगळी मेख 'ओ'मध्ये आहे. ओ कळला की बाकीचं कुटुंब कळलं. 1927 साली जर्मनीत पाउल रेनरने 'फ्युचुरा' काढला, त्यातला ओ कंपासने काढल्यासारखा गोल. नोवारेझेचा ओ गोल नाही आणि चौकोनीही नाही. चौकोनाला गोल व्हायला सांगितलं आणि तो अर्ध्या वाटेत दमून थांबला, असा तो आकार आहे. गणितवाले त्याला सुपरएलिप्स म्हणतात. 1959च्या सुमाराला स्टॉकहोमच्या एका मोठ्या चौकातली वाहतूक कशी वळवावी याचं कोडं पडलं, तेव्हा डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी हाच आकार सुचवला आणि तो मान्य झाला. आपल्याकडे चौकाचं कोडं मधोमध पुतळा बसवून सोडवतात, ती पद्धत तिकडे पोहोचलेली नसावी.

पण 1950च्या आसपास हा आकार काही कुणाला अनोळखी नव्हता. टीव्हीची काच तशी होती, रेल्वेच्या डब्यांच्या खिडक्या तशा होत होत्या. ज्यांच्या घरी लाकडी शटरचा टीव्ही होता, त्यांना तर हा ओ नव्याने शिकवायलाच नको. नोवारेझे आणि बुत्ती काही भविष्य काढत बसले नव्हते. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि समोर दिसणारं 1952 साल काढत होते. पुढे टीव्हीची काच सपाट झाली, कोपरे टोकदार झाले, खिडक्या बदलल्या. 1952 सालचं ते वर्तमान परत न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून ते भविष्यकाळाच्या खात्यावर जमा झालं. सत्तर वर्षं उलटली तरी त्यावर व्याज चालू आहे.

खातं उघडून देणाऱ्यांत मोठा वाटा स्टॅनली क्युब्रिकचा. त्याच्या 1968 सालच्या '2001: अ स्पेस ओडिसी'त हे अक्षर भेटत राहतं. एकूणच त्या चित्रपटात पाट्यांची रेलचेल आहे. त्यातली एक तर वजनरहित अवस्थेत शौचालय कसं वापरावं याबद्दलची आहे. सूचना दहा, आणि एक मोठा शास्त्रज्ञ उभं राहून त्या गंभीरपणे वाचतोय. आपल्याकडे एसटी स्टँडवर याच विषयावर एक ओळ असते आणि तीही कुणी वाचत नाही. विज्ञानाने केलेली प्रगती म्हणतात ती हीच.

क्युब्रिकनंतर रांग लागली. स्टार ट्रेकच्या जगात मायक्रोग्रामाच्या पाट्या आल्या, 2009 सालच्या 'मून'मध्ये चंद्रावरचा अख्खा तळ युरोस्टाइलने भरला. डेव्ह ॲडी नावाच्या गृहस्थाने असे चित्रपट थांबवून थांबवून पाहिले, कोणत्या दारावर कोणतं अक्षर आहे ते टिपलं आणि 2018 साली 'टाइपसेट इन द फ्यूचर' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं. नायक मेला की जगला याकडे त्याचं लक्ष होतं की नाही, कोण जाणे. असा प्रेक्षक थिएटरात शेजारी येऊ नये, पुस्तकात मात्र जरूर भेटावा.

आता खरा चंद्र. 1969 साली अपोलो 11ने चंद्रावर जी धातूची पाटी ठेवली, जिच्यावर तिन्ही अंतराळवीरांच्या आणि अध्यक्ष निक्सन यांच्या सह्या आहेत, ती फ्युचुरात आहे. सडसडीत, गोल ओवाली, अजिबात न पसरलेली. चंद्रावर कुणी गेलंच नाही, तो सगळा बनाव क्युब्रिकने स्टुडिओत चित्रित केला, असं छातीठोकपणे सांगणारी मंडळी जगात आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर पुष्कळ आहेत. त्यांना एवढाच एक पुरावा दाखवावा. क्युब्रिकने केलं असतं, तर पाटी युरोस्टाइलमध्ये असती.

रुंद अक्षरात असं आहे तरी काय? एसटीत तिघांच्या बाकावर एखादा गृहस्थ गुडघे फाकवून बसलेला असतो. तो बोलत नाही, भांडत नाही, खिडकीबाहेर बघत असतो, पण त्याला 'जरा सरका' म्हणायची कुणाची प्राज्ञा नसते. रुंद अक्षर तसं बसतं. उंच अक्षराला टाचा वर करून लक्ष वेधून घ्यावं लागतं, तिरक्या अक्षराला घाई असते, बारीक अक्षराला काहीतरी लपवायचं असतं. रुंद जाड अक्षराला यातलं काही नको असतं. जागा आपलीच आहे, हे त्याला बसण्याआधीच माहीत असतं.

खरं तर रुंदीचा उपयोग बारीक छपाईत. खिळ्यांच्या छपाईच्या काळात लहान पॉइंटात शाई पसरायची आणि अक्षरातल्या पोकळ्या भरून जायच्या. ई, ए, ओ सगळे एकाच जातीचे काळे ठिपके. अक्षर रुंद असलं की पोकळी उघडी राहते आणि लेटरहेडवरचा पत्ता, यंत्रावरची पट्टी वाचता येते. म्हणजे जो गुण लहान दिसताना कामाला यायचा, तो लोकांनी मोठं दिसण्यासाठी वापरला. गुणांचं असं बऱ्याचदा होतं.

आणि रुंद जाड अक्षर काढणं दिसतं तितकं सोपं नाही. उभी आणि आडवी रेघ मोजून एका जाडीची काढली, तर डोळ्याला आडवी जास्त जाड वाटते. म्हणून आडवी गुपचूप बारीक करावी लागते. ओ शेजारच्या एचएवढाच उंच काढला, तर तो बुटका दिसतो. म्हणून त्याला वरखाली केसभर बाहेर काढतात. दोन रेघा जिथे मिळतात तिथे काळं साचल्यासारखं दिसतं, म्हणून रेघा आतल्या बाजूने कोरून घेतात. एवढं करून झाल्यावर मग लोक म्हणतात, वा, काय भौमितिक अक्षर आहे! त्यात भूमितीपेक्षा लबाडीच जास्त असते. ती उघडकीला येऊ न देणं, हीच त्यातली कारागिरी.

ही कारागिरी एका हिसक्यात मोडीत काढण्याची सोय आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. तिला कोरल म्हणतात.

कोरल म्हणजे कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबर येणाऱ्या फॉन्टांत हे वळण 'स्क्वेअर 721' या नावाने नांदतं. अमेरिकेत अक्षराच्या आकारावर कॉपीराइट सांगता येत नाही, नावावर मात्र हक्क सांगता येतो. तेव्हा बिटस्ट्रीम कंपनीने नामवंत अक्षरांच्या स्वतःच्या आवृत्त्या काढल्या आणि नावं बदलून टाकली. हेल्व्हेटिका झाला 'स्विस 721', टाइम्स झाला 'डच 801' आणि आपला हा 'स्क्वेअर 721'. जिम, ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या, कॉम्प्युटर क्लास, गाड्यांवर रेडियम कापून देणारी दुकानं, अशा ठिकाणी या टोपणनावाची वस्ती दाट. डीटीपीच्या ऑपरेटरला ना तुरीन माहीत असतं, ना नोवारेझे. 'तो स्पेसवाला टाका' म्हटलं की त्याचा माउस बरोबर जागेवर जातो.

पण खुद्द रुंद फॉन्टाची गरज फार थोड्यांना पडते. बाकीच्यांसाठी ओढण्याचा मार्ग आहे. निवडणुकीच्या हंगामात अशा दुकानात आपला नंबर लागेपर्यंत बसावं, करमणुकीला दुसरं काही लागत नाही. एकदा माझ्यापुढे एक कार्यकर्ता होता. ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभा, हातात पेनड्राइव्ह, नजर स्क्रीनवर.

"दादा, साहेबांचं नाव जरा दणक्यात येऊ द्या."

"पॉइंट वाढवू का?"

"वाढवा की. पण वर साहेबांच्या साहेबांचा फोटो आहे, त्याला लागता कामा नये."

वर जायला वाव नव्हता. ऑपरेटरने नावाच्या उजव्या बाजूचा मधला काळा ठिपका माउसने धरला आणि ओढला. नाव रबराचं असावं तसं निमूट लांबलं. जवळून पाहिलं तर प्रकार दिसत होता. काने दुप्पट जाड झाले होते आणि शिरोरेखा होती तेवढीच राहिली होती. ठचा गोल आडवा पडला. अनुस्वाराची चपटी टिकली झाली. वेलांटी इतकी पसरली, की ती कुठल्या अक्षराची, यावर दोन अक्षरांत वाद व्हावा.

"बास का?"

"अजून थोडं. फ्लेक्स वीस फुटी आहे."

आणखी ओढलं. मग कार्यकर्त्याच्या लक्षात आलं, की नाव एवढं आणि फोटो तेवढाच, हे बरं दिसत नाही. ऑपरेटरने मुकाट्याने फोटोचाही मधला ठिपका धरला. साहेबांचे गाल नावाच्या मापाला आले. कार्यकर्ता मान तिरकी करून थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "असू द्या. तब्येत दिसते." खालच्या पट्टीत शुभेच्छुक होते. साहेबांना जागा करून देण्यासाठी त्यांना उलट्या दिशेने दाबण्यात आलं. साहेब भरल्या पोटी आणि शुभेच्छुक उपाशी, असं राजकीय वास्तवाचं इतकं नेमकं चित्र कुठल्या अग्रलेखात मी वाचलेलं नाही.

देवनागरीला रुंद करणं हे मुळातच धारिष्ट्याचं काम. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, कुणाला किती पसरायचं ते पसरा. आपली एका शिरोरेखेला धरून असतात आणि त्यांचा पसारा वरखाली आहे. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. त्यात प्रत्येक अक्षराचा पिंड वेगळा. ठ रुंद होतो, खुशाल होतो, त्याला तेच हवं असतं. क्ष आणि ज्ञ जन्मतः सुखवस्तू. पण र रुंद करायला घेतला की हात थांबतो, कारण त्याच्याकडे रुंद करण्यासारखं काही नसतंच. सगळ्यात नाजूक मामला पहिल्या वेलांटीचा. तिची कमान अक्षर ओलांडून त्याच्या दांडीपर्यंत जायला हवी. 'ति'ला जी पुरते ती 'णि'ला पुरत नाही. म्हणून नीट काढलेल्या फॉन्टमध्ये एकाच वेलांटीची अनेक मापं करून ठेवलेली असतात आणि अक्षर बघून त्यातली योग्य ती आपोआप निवडली जाते. वाचणाऱ्याला याचा थांगपत्ता नसतो. ज्याने महिनोन्महिने बसून त्या वेलांट्या काढल्या, त्याला असतो.

असं काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचं 'अनेक' नावाचं अक्षरकुटुंब 2022 साली आलं. दहा लिप्या आणि रुंदी 75पासून 125पर्यंत हवी तेवढी. त्यातलं रुंद देवनागरी अक्षर रुंद म्हणूनच काढलेलं आहे, नंतर धरून ओढलेलं नाही. काना आणि शिरोरेखा यांच्यात भांडण लागत नाही, अनुस्वार अनुस्वारच राहतो. शिवाय फुकट आहे. फुकट आहे हे कळूनही चौकातल्या फ्लेक्सवर तो क्वचित दिसतो, ही मराठी बाजारपेठेतली दुर्मीळ घटना म्हणायला हवी. त्या मानाने 2014 साली आलेल्या इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'चं नशीब जोरावर. तो रुंद नाही, पण गोलगरगरीत भौमितिक आहे, आणि आता ॲपपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं त्याच्या ताब्यात.

रुंदीचं महत्त्व सगळ्यात आधी कुणी ओळखलं असेल, तर दुकानदारांनी. 2022 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव हवं आणि ती अक्षरं दुसऱ्या कुठल्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. ठीक. आता बाजारपेठेतून एक चक्कर मारा आणि पाट्या बघा. इंग्रजी नाव जाड, ऐसपैस, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मराठी नाव? तेही आहे. उंचीला इंग्रजीएवढंच आहे. फक्त दोन्ही बाजूंनी दाबलेलं, श्वास रोखून एका कोपऱ्यात उभं. पट्टी लावून मोजा, एक सूतही कमी भरणार नाही. कायद्याने लहानमोठं पाहिलं, रुंद-अरुंद बघायचं राहून गेलं.

आणि भविष्यकाळ? हॉलिवूडकडे यानं आहेत, चंद्रावरचे तळ आहेत. मराठीत अंतराळपट फारसे निघत नाहीत, तेव्हा आपल्याकडे हे खातं फ्लेक्सवाल्यांकडे आहे. 'भावी नगरसेवक', 'भावी आमदार', 'जनतेच्या मनातले भावी खासदार'. निरखून पाहिलं तर एक नियम सापडतो. माणूस जितका भावी, तितकं त्याचं अक्षर रुंद. निवडून आला की अक्षर जरा आटोपशीर होतं, कारण बाजूला पदाचं नाव, विभाग, कार्यालयाचा पत्ता असं बरंच काही मावायला लागतं. माजी झाला की तो खालच्या पट्टीत शुभेच्छुकांत जाऊन उभा राहतो, बारीक अक्षरात, आणि तिथे त्याला दुसऱ्या कुणासाठी दाबलं जातं. क्युब्रिकचं 2001 साल येऊन गेलं, चंद्रावर वसाहत काही झाली नाही. आमच्या चौकातले काही भावी आमदारही गेल्या तीन निवडणुका भावीच आहेत. अक्षर मात्र दर वेळी थोडं रुंद झालेलं असतं.

नाव मोठं करू नका, असं सांगण्यात अर्थ नाही, कुणी ऐकणार नाही. पण पुढच्या वेळी वाढदिवसाचा, बारशाचा, उद्घाटनाचा किंवा भावी कशाचाही फ्लेक्स करायला जाल, तेव्हा ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहून स्क्रीनकडे लक्ष ठेवा. नावावर क्लिक केलं की त्याच्याभोवती आठ काळे ठिपके येतात. बाजूचा मधला ठिपका ओढला तर अक्षर ताणलं जातं, कोपऱ्यातला ओढला तर ते प्रमाणात मोठं होतं. पैसे तेवढेच पडतात. त्याला फक्त म्हणा, "दादा, कोपऱ्यातला ओढा."